मधोमध सपाट झालेला टायर

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात सुरुवातीचीच काही वळणं झाली असतील, ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, फोटो काढायचा असेल. पण हे हेल्मेटही न काढता दोन्ही पाय जमिनीवर रोवून तसेच बसून राहिले. मी मागून विचारलं, काय झालं. म्हणाले, "उतर जरा."

मी उतरले. ह्यांनी स्टँड लावला, कठड्यावर जाऊन बसले आणि हातमोजे काढले. दिवाळी नुकतीच झाली होती, हवेत गारवा होता, तरी कपाळ घामानं भिजलेलं.

"मले नाही जमून राहिलं," ते म्हणाले. "वळणात गाडी मी नेत नाही, ती आपली पडून राहिली. माझा तोल गेला आहे वं."

मी पाण्याची बाटली पुढे केली. ते म्हणत होते ते मलाही मागच्या सीटवर जाणवलेलं होतं.

हे म्हणजे माझा नवरा. बुटीबोरीच्या एका कापडाच्या कारखान्यात देखभाल विभागात इंजिनीअर आहेत. आम्ही नागपुरात हुडकेश्वरला राहतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली आणि घर एकदम रिकामं झालं, त्या वर्षी ह्यांनी ही मोटारसायकल घेतली. जुनीच घेतली, पण एकाच माणसानं नीट वापरलेली. पळायला शर्यतीच्या गाडीसारखी आणि लांबच्या प्रवासाला आरामाची, अशी दोन्हींच्या मधली. वजन अडीच क्विंटलच्या आसपास. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि मागे माझ्यासाठी चांगली रुंद सीट. पहिल्यांदा गल्लीत आणली तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, ह्या वयात हे काय. मलाही तेच वाटलं होतं. पण पहिल्याच रविवारी आम्ही पेंचपर्यंत जाऊन आलो आणि माझं मत बदललं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. त्यानंतर तोतलाडोह, नवेगाव, पचमढी, सगळीकडे ह्या गाडीवर फिरलो. हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रं बसवली होती. घरी जेवढं बोलत नव्हतो तेवढं आम्ही गाडीवर बोलायचो.

ह्यांना ती इतकी आवडली की कारखान्याची बस सोडून हे रोज तिच्यावरच जाऊ लागले. हुडकेश्वरहून रिंग रोड, तिथून वर्धा रोड, आणि मग थेट बुटीबोरी. नाकासमोर जाणारा रस्ता. सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं.

चिखलदऱ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एका सकाळी हे पलंगावरून उठायला गेले आणि परत कोसळले. खोली गरगर फिरते म्हणाले. उलट्या झाल्या. मी घाबरून शेजारच्यांना हाका मारल्या. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातली गडबड आहे, भिण्यासारखं नाही. त्यांनी ह्यांचं डोकं एका बाजूला वळवून झपकन आडवं केलं, मग दुसऱ्या बाजूला वळवलं, आणि दोन-तीन वेळा बोलावून तेच केलं. चक्कर थांबली. घरी सगळं पूर्ववत झालं.

फक्त गाडीवर झालं नाही. उन्हाळा संपता संपता हे म्हणू लागले की कानात गुणगुण येते. घरात नाही, कारखान्यातही नाही, फक्त गाडीवर. वेग कमी करत आणला की घूं-घूं असा बारीक आवाज. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान तपासले, ऐकण्याची चाचणी केली, चालवून पाहिलं, डोळे मिटून उभं केलं. सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, हेल्मेटमध्ये वारा शिरत असेल. हे हो म्हणाले, पण बाहेर आल्यावर मला म्हणाले की वारा आणि गुणगुण ह्यातला फरक मला समजतो.

ह्यांची भीती कुठून येते ते मला माहीत होतं. शेवटच्या काही वर्षांत सासऱ्यांचा वळताना तोल जायचा. भिंत धरून न्हाणीघरात जायचे. त्यांचंही सुरुवातीला असंच थोडंथोडं होतं, कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. हे त्यांचा हात धरून न्यायचे आणि रात्री मला म्हणायचे, बाबा सायकलवर काटोलपर्यंत जायचे, तुले माहीत आहे? आता तोल जाण्याच्या गोष्टीवर हे एक शब्दही वडिलांबद्दल बोलत नव्हते. त्यावरूनच मला कळत होतं.

आणि मला मागे बसून जे जाणवत होतं ते मी बोलत नव्हते. मागच्या सीटवर रस्ता नीट दिसत नाही, पण गाडी काय करते ते कमरेला लगेच समजतं. आधी कसं व्हायचं, की वळण आलं की गाडी हळूच कलायची, आम्ही दोघंही तिच्याबरोबर कलायचो आणि वळण संपलं की सगळी परत सरळ. त्यात एक मजा होती. आता ती वळणाच्या तोंडाशी अडायची. कलायलाच तयार नसायची. हे जोर लावायचे, आणि मग ती एकदम आत पडायची, इतकी की माझा पाय आपोआप ताठ व्हायचा. सिमेंटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमधली लांब फट चाकाखाली आली की गाडी तिच्या मागे मागे सरकायची. मला वाटायचं, ह्यांचे हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. ते बोलून मी ह्यांना आणखी खचवणार होते का? म्हणून गप्प राहिले. हेही गप्प राहिले. हेल्मेटमधली यंत्रं चालू असायची, पण आम्ही भाजी आणि मुलीच्या फोनपलीकडे काही बोलत नव्हतो.

चिखलदऱ्याला जायचं ह्यांनीच ठरवलं होतं. स्वतःची परीक्षा घ्यायची असावी. त्या दिवशी घाटातूनच गाडी फिरवली. परतवाड्यापर्यंत हे सायकल चालवल्यासारखे हळूहळू उतरले, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं पुढे जाऊ दिलं. अमरावतीनंतरच्या सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा बरी वागू लागली. हे त्यावर म्हणाले, सरळ तर बाबाही शेवटपर्यंत चालायचे, वळायलाच त्यांना त्रास व्हायचा. वडिलांचं नाव त्यांनी काढलं ते तेवढंच. घरी पोचल्यावर गाडीवर कव्हर टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या बसनं जायला लागले.

काही दिवसांनी म्हणाले, विकून टाकतो. मी विचारलं, नक्की? म्हणाले, मले काही झालं तर चालते, पण तू मागे असते. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं आणि वाईटही, आणि दोन्हींतलं जास्त कोणतं होतं ते आज सांगता येणार नाही. ह्यांनी गाडी धुतली, पुसली, फोटो काढून जाहिरात टाकली.

बरेच फोन आले, पण प्रत्यक्ष आली ती एकच. पस्तीस-चाळीसची बाई, गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान. कारनं आली होती, स्वतःचं हेल्मेट आणि जॅकेट घेऊन, आणि सोबत आई. कित्येक वर्षांपासून मोठ्या गाड्या चालवते, म्हणाली. ह्यांना काका म्हणत तिनं खाली वाकून चेन पाहिली, तेलाची पातळी दाखवणारी काच पाहिली, ब्रेक दाबून पाहिले, कागद तपासले. मग चक्कर मारून येते म्हणून निघाली.

आई माझ्याजवळ व्हरांड्यात बसली. मी चहा केला. लेक गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी होताच त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, भाव थोडा वाढवूनच सांगा. मंग ती घेणार नाही."

मला हसू आवरेना. त्या मात्र गंभीर होत्या. म्हणाल्या, हिच्या वडिलांनी हिला लहानपणी दुकानाच्या लुनावर बसवलं, तेव्हापासून हे खूळ आहे. दोन लेकरांची आई झाली तरी उतरत नाही. मी त्यांना म्हटलं, माझे केस पांढरे झाले तरी मी मागे बसते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याकडून काही मदत होणार नाही हे त्यांना समजलं.

चक्कर लांबली. हे फाटकाजवळ उभे होते, रस्त्याकडे पाहत. म्हणाले, बाहेरच्या रिंग रोडपर्यंत गेली वाटते. अखेर गाडी आली, हळूच आली. तिनं ती अंगणात लावली, हेल्मेट काढलं आणि कोणाशी न बोलता गाडीभोवती एक फेरी मारली. मग मागच्या चाकाशी उकिडवी बसून टायरवरून आडवा तळहात फिरवला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

"काका, एक विचारू? तुम्ही गाडी काहून विकून राहिले?"

जाहिरातीत ह्यांनी 'वापर कमी झाल्यामुळे' असं लिहिलं होतं. तेच सांगतील असं मला वाटलं. पण हे म्हणाले, "माझा तोल जाते. वळणात गाडी सांभाळत नाही मले."

ती उठली नाही. तशीच बसून म्हणाली, "तोल तुमचा नाही गेला, काका. आत्ता पुलाखालच्या वळणावर माझाही गेला."

तिनं विचारलं, घरात स्टीलची पट्टी आहे काय. ह्यांच्या अवजारांच्या पेटीत होती, मी आणून दिली. तिनं ती टायरवर आडवी ठेवली. मधल्या चार बोटांच्या रुंदीवर पट्टी टेबलावर ठेवावी तशी सपाट बसली. मग तिनं समजावून सांगितलं. नवा टायर आडवा पाहिला तर कमानीसारखा गोल असतो. वळणात गाडी त्या गोलाईवर हळूहळू कलते. पण रोज सरळ रस्त्यावर गाडी चालवली, त्यात आपले तापलेले सिमेंटचे रस्ते, तर फक्त मधलाच पट्टा घासला जातो. मध्ये सपाट होतं आणि त्या सपाटीच्या दोन्ही कडांना कोपरे येतात. गाडी आधी सपाटीवर उभी राहते, कलतच नाही. जोर लावला की कोपरा ओलांडते आणि एकदम पडते. मागे माणूस आणि पेट्यांमध्ये सामान असलं की आणखीच वाईट.

"अन् पुढच्याचा आवाज नाही येत काय?" तिनं विचारलं. "वेग कमी केला की घूं-घूं करते."

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्हाले ऐकू आला?"

"हो ना. चांगला ऐकू आला. हात लावून पाहा, काठ खालीवर झिजले आहेत, त्याचाच आवाज आहे."

ह्यांनी गुडघे टेकून पुढच्या टायरवर हात फिरवला. एका दिशेनं फिरवला, मग उलट्या दिशेनं, पुन्हा पहिल्या दिशेनं. मला पाठच दिसत होती. उठले ते सरळ घरात गेले. मी मागोमाग गेले, तर स्वयंपाकघरात माठाजवळ उभे राहून पाणी पीत होते. पेला संपला, पुन्हा भरला. मला म्हणाले, "तिलेही ऐकू आला." आणि पेला ओट्यावर ठेवून दोन्ही हातांनी तोंड पुसलं. घामही नव्हता पुसण्यासारखा.

नंतर मी विचारलं होतं, तुमच्यासारख्या माणसाच्या हे लक्षात कसं नाही आलं. आयुष्य यंत्रांत गेलेलं, लांबून आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेला ते सांगणारे. त्यांनी विचार करून उत्तर दिलं. टायर ते पाहत होते, हवा दर आठवड्याला तपासत होते. पण काठाकडच्या खाचा चांगल्या खोल होत्या, म्हणून टायरला आयुष्य आहे असं वाटायचं. मधला भाग इतका हळूहळू बसला की कालच्यात आणि आजच्यात फरक नव्हता. आणि मुख्य म्हणजे चक्कर आलेली होती. ती आली नसती तर मी आधी टायरच पाहिला असता, म्हणाले.

बाहेर अंगणात आई लेकीला विचारत होत्या, म्हणजे आज घेत नाहीस ना? ती म्हणाली, नाही. आईंनी पदरानं मान पुसली आणि मला म्हणाल्या, चहा फार छान झाला होता. जाताना तिनं ह्यांना सांगितलं, दोन्ही टायर बदला, आठ-पंधरा दिवस चालवा, आणि त्यानंतरही विकावीशी वाटली तर पहिला फोन मला करा. तिनं तोलाचं सांगितलं नसतं तर नुसते टायर झिजले म्हणून भाव पाडून तिला गाडी नेता आली असती. हे तिला तसं म्हणालेही. त्यावर ती म्हणाली, काका, मग तुम्ही स्वतःले बिमार समजत राहिले असते.

टायर नागपुरात मिळाले नाहीत, बाहेरून मागवावे लागले. ते दिवस मला सर्वांत कठीण गेले. आतापर्यंत गाडी विकायची म्हणजे विषय संपला असं होतं. आता आशा होती, आणि आशेबरोबर नवीन भीतीही होती. टायर नवे लागले आणि तरीही ह्यांना वळता आलं नाही, तर मग कशावर खापर फोडणार? हेही त्याच विचारात असावेत, कारण टायर आल्याचा दुकानदाराचा फोन आल्यावरही हे दोन दिवस दुकानात गेले नाहीत. कारखान्यात काम आहे म्हणाले. शेवटी मीच म्हटलं, उद्या सुट्टी आहे, जाऊन या.

गेले आणि दुपारी परत आले. मी फाटकापर्यंत धावले. म्हणाले, इतक्यात काही सांगता येत नाही, नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो, सुरुवातीला बेतानं चालवावं लागते. पण आवाज बंद झाला आहे. एवढंच सांगून जेवायला बसले. पाच पोळ्या खाल्ल्या. उन्हाळ्यापासून तीनवर आले होते.

मग सकाळी लवकर उठून एकटेच सेमिनरी हिल्सकडे जाऊ लागले. तिथला रस्ता चढउताराचा आणि वळणांचा आहे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आधी मोकळा असतो. रोज येऊन टायर पाहायचे. आधी मधलाच भाग मळलेला, मग गाडी जास्त कलेल तसा दर दिवशी थोडा थोडा काठाकडे. मला बोलावून दाखवायचे, आज इथपर्यंत आलो. मला त्यात नुसती धूळ दिसायची, पण मी पाहायची.

एका रविवारी म्हणाले, "चालते काय रामटेकले?"

मी जॅकेट घातलं. कामठी, कन्हान, मनसर, सगळा रस्ता सरळ. ह्या सरळ रस्त्यानं काही कळणार नव्हतं. रामटेकला गडावर जाणारा रस्ता सुरू झाला तशी मी बोलणं बंद केलं. पहिलं वळण डावीकडे होतं. मी पाय ताठ करून वाट पाहत होते, की आता अडेल, आता पडेल. गाडी कलली. हळूच, पूर्वीसारखी, जेवढी हवी तेवढीच, आणि वळण संपल्यावर परत सरळ झाली. दुसरं वळण, तिसरं, तसंच. चौथ्याला माझे पाय सैल पडले. हेल्मेटमध्ये ह्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मग ह्यांनी शीळ घालायला सुरुवात केली. कुठल्या गाण्याची ते मला ओळखता आलं नाही, सूर फार वाईट होता.

वर पोचल्यावर दर्शन घेतलं आणि झाडाखाली बसून संत्री सोलली. ह्यांनी एकदम विचारलं, "तुले केव्हापासून समजत होतं?"

"उन्हाळा संपल्यापासून," मी म्हटलं.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही काहून नाही बोलले?"

ह्यांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, बी काढून हातात धरली. म्हणाले, मला वाटलं तुला समजत नसेल, तेवढंच बरं. मीही तेच सांगितलं. दोघंही हसलो. थोडं जास्तच हसलो, शेजारी बसलेल्या कुटुंबानं वळून पाहिलं.

तिथूनच ह्यांनी त्या गांधीबागेच्या बाईंना फोन लावला. गाडी विकत नाही, म्हणाले. तिकडून ती हसली, म्हणाली मले वाटलंच होतं. तिला अमरावतीकडे दुसरी गाडी सापडली होती. ह्यांनी तिला दोनदा सांगितलं की घ्यायच्या आधी टायरवर पट्टी ठेवून पाहा, जणू तिला ते माहीत नव्हतं. मी फोन मागून घेतला आणि आई कशा आहेत विचारलं. रागावल्या आहेत, म्हणाली.

ऊन चढायला लागलं होतं. खाली उतरून चौकात आल्यावर ह्यांनी पाय टेकला आणि विचारलं, मनसरवरून सरळ हायवेनं जायचं, की खिंडसी तलावाकडच्या वळणांनी फिरून? घरी धुणं पडलं होतं आणि दुपारी पाहुणे येणार होते. मी म्हटलं, खिंडसीकडून.